परका हात

"कुणाचा हात आहे हा?" धारवाल्यानं विचारलं. त्याला हवा होता तेवढा सहज आवाज काही निघाला नाही.

डॉक्टर हसले. "सांगणार नाही. शब्द दिलाय."

तलवार दोघांच्या मध्ये टेबलावर होती. दवाखान्यामागच्या त्या खोलीत भिंतींवर अठ्ठावीस तलवारी होत्या आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस धारवाल्याच्या हाताखालून गेलेल्या. डॉक्टर दातांचे. दात काढताना समोरच्याला बोलू द्यायचे नाहीत आणि तलवारी दाखवताना स्वतः थांबायचे नाहीत. पण पाहुण्यांपुढे एक वाक्य ते कधी चुकवत नसत : "तलवारी माझ्या, पण त्यांच्यात जीव यांनी घातलाय." त्या एका वाक्यावर धारवाला बावीस वर्षं तरंगत होता. दुकानात दिवसभर सुऱ्या-कात्र्या घासायच्या, त्या पोटासाठी. डॉक्टरांच्या तलवारी स्वतःसाठी. त्याच्या मालकीची एकही नव्हती आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. टांगणारा कुणीही असो, हात कुणाचा ते जाणत्याला कळतंच, असं तो म्हणायचा.

ही एकोणतिसावी. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी आणली तेव्हा ते गंजाचं नुसतं एक लांबडं ढेकूळ होतं. धारवाल्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन दिवसांवर आलं होतं. "डोळे बरे होऊ द्या, मग बघतो," तो म्हणाला होता. डॉक्टर थांबतील हे त्यानं गृहीतच धरलं होतं.

आणि आता ती अशी. गंज गेला होता, पण पोलाद कुठेही खरवडलं गेलं नव्हतं. पात्यावरच्या पाण्यासारख्या बारीक लहरी मुठीपासून टोकापर्यंत अखंड दिसत होत्या. घाई केली की पहिल्यांदा त्याच मरतात. त्यानं तलवार खिडकीपाशी नेऊन नव्या डोळ्यांनी तीनदा पाहिली. नाव ठेवायला जागा नव्हती.

"बरी आहे," तो म्हणाला.

"बरी? अहो, मला तर सगळ्यांत हीच आवडते."

ते वर्मी लागलं.

पुढचा आठवडा त्यानं शोधण्यात घालवला. चौकात एकानं नवं मशीन बसवलं होतं. त्याच्याकडे तो घरची कात्री घेऊन गेला. जन्मभर लोकांना धार लावून देणारा माणूस रांगेत उभा राहिला! मशीनवाला भराभर ठिणग्या उडवत होता. हा हात नव्हे, हे धारवाल्याला बघताक्षणी कळलं. मग म्हाताऱ्या कुलूपवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "बाबा रे, या हातांनी चहाचा कप सांडला नाही तरी मी जिंकलो." धारवाल्याला जेवण जाईना. "ऑपरेशन डोळ्यांचं झालंय, मग पोटात का दुखतंय?" मुलानं थट्टा केली. त्या दिवशी तो ताटावरून उठला. डोळ्यांत औषध घालायला सून दिवसातून चारदा यायची, तिच्यावरही तो खेकसायला लागला.

शेवटी तो डॉक्टरांकडे गेला. "त्या तलवारीची मूठ हलतेय. घरी नेऊन बसवून देतो."

मूठ हलत नव्हती. डॉक्टरांनी तपासलंसुद्धा नाही. कापडात गुंडाळून तलवार त्याच्या हाती दिली.

घरामागच्या आपल्या खोलीत त्यानं पात्याला कापड लावून ते शिकंज्यात पक्कं केलं. फळीवरून सगळ्यांत जाडाभरडा पॉलिश पेपर काढला. एक आडवा हात मारला की लहरी गेल्या. मग डॉक्टरांना सांगायचं, तुमच्या त्या माणसानं पातं कच्चं करून ठेवलं होतं, हात लावताच दोष वर आला. डॉक्टर विश्वास ठेवतील. बावीस वर्षं ठेवत आलेत. हे मनात आलं तेव्हा त्याचा हात जरा अडखळला. तरी त्यानं कागद पात्यावर टेकवला.

"बाबा, तिथे नको!"

औषधाची बाटली घेऊन सून दारात उभी होती. ती दोन पावलांत आत आली. "तिथे पातं पातळ झालंय. आतपर्यंत गंज होता. मला सगळ्यात जास्त भीती तिथेच वाटत होती."

बोलून गेल्यावर तिच्या ते लक्षात आलं. धारवाला तिच्याकडे बघतच राहिला.

"तू?"

तिनं मान खाली घातली. "तुम्ही दुपारी पडायचात तेव्हा डॉक्टरांकडे जायचे. माझं नाव सांगू नका, असं मीच त्यांना म्हटलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"शिकवलं कुणी?"

"कुणी नाही. सहा वर्षं तुम्हाला इथे चहा आणून देतेय. हातातलं काम संपल्याशिवाय तुम्ही कप घेत नाही. तोवर मी उभी असते." मग तिनं त्या कागदाकडे पाहिलं. "माझं काही चुकलंय का? तुम्ही दुरुस्त करताय?"

तो तलवार सुधारतोय, अशीच तिची समजूत होती.

धारवाल्यानं कागद पात्यावरून उचलला. त्याची चौपदरी घडी केली. बराच वेळ तो त्या लहरींवरून बोट फिरवत राहिला, एकही तुटू नये अशा बेतानं.

"किती दिवस लागले?"

"एकतीस."

"मला पन्नास लागले असते," तो म्हणाला.