भाद्रपदाचं फूल

"आई, उंबऱ्याबाहेरच थांबा," म्हणत रेवाने सासूच्या हातात मुळांसकट उपटलेल्या तेरड्याची जुडी दिली. "आज तुमचा खरा वाढदिवस!"

शाळेत घालताना गुरुजींनी अनसूयाबाईंची तारीख ठोकून दिली होती, एक जून. त्या दिवशी रेवा दरवर्षी 'जूनचं फूल' म्हणून गुलाब द्यायची. पण गौरीसाठी तेरडा आणायला गेलेली आपली आई बांधावरच बाळंत झाली, हे अनसूयाबाईंनी एकदा भाजी निवडताना सहज सांगितलं होतं. पोरीने लक्षात ठेवलं.

"तेरडा कसला देतेस गं? तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणून जन्मभर चिडवलं मला सगळ्यांनी."

"पण त्याचीच तर गौर होते ना, आई?"

अनसूयाबाईंनी जुडीकडे पुन्हा एकदा पाहिलं. हे त्यांना कुणी कधी म्हणालंच नव्हतं.

रेवाने त्यांच्या पायांवर कोमट पाणी घातलं, हळदकुंकू लावलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

'सोन्याच्या' म्हणायचं असतं. अनसूयाबाईंनी तेरड्याची जुडी छातीशी धरली.

"अनवाणी आली गं," त्या म्हणाल्या. "एका हातात तेरडा आणि दुसऱ्या हातात मला घेऊन."