वीणेकऱ्याचं कार्ड

“वीणेकरी म्हणजे कोण, आबा?” मी कार्ड काढत विचारलं. बोलीभाषेच्या कोशासाठी शब्द गोळा करत त्या गावात पोचले, तेव्हा देवळात सप्ताहाचा पाचवा दिवस होता. सत्तरी ओलांडलेले आबा गळ्यात वीणा अडकवून उभे होते.

“म्हंजे मीच की.” बोट तारेवर चालूच होतं.

“आणि हा शब्द आला कुठून?”

“वडलांकडनं.”

मी हसू दाबलं. आबांचे पाय मात्र थरथरत होते. दोनला वीणा घ्यायला येणाऱ्या माणसाचा तीन वाजले तरी पत्ता नव्हता, आणि सप्ताह संपेपर्यंत वीणा जमिनीला टेकवायची नसते. भर दुपारी देवळात आम्ही दोघंच.

“जरा धरा, बाई. परसाकडं जाऊन येतो.”

“बाईमाणसानं धरलेली चालते?”

“खाली ठेवलेली चालत न्हाई.”

वीणा देता-घेतानाच्या रीतीप्रमाणे ते माझ्या पाया पडले, मी त्यांच्या. वीणा माझ्या गळ्यात आली.

आबा परतले, घोटभर पाणी प्यायले, खांबाला टेकले आणि तसेच झोपले. मी उठवलं नाही. पोटऱ्या भरून आल्या. कार्ड पायाशी पडलं होतं, पण उचलायला हात मोकळा नव्हता.

चार वाजता एकजण धापा टाकत आला. मी कोण हेही न विचारता पाया पडला आणि वीणा घेतली.

एसटीत बसल्यावर कार्डावर ‘उगम’पुढे आबांचं उत्तर जसंच्या तसं लिहिलं. ‘अर्थ’पुढे घरूनच लिहून आणलेलं ‘वीणा वाजवणारा’ खोडलं. लिहिलं: ‘दुसरा येईपर्यंत उभा राहणारा.’