मानेवरचा नंबर

मेकॅनिकने मोटरसायकलच्या हँडलखालच्या मानेवर कागद दाबून धरला आणि त्यावर पेन्सिल आडवी घासली. मग जोर लावून पुन्हा घासली. कागदावर आकडे उमटायला हवे होते. उमटला तो नुसता करडा पट्टा.

"सांगाड्यावरचा चासी नंबर कुठाय?" त्याने विचारलं.

"तिथेच असणार की," गाडीच्या मालकिणीची लेक म्हणाली. "नीट बघा ना जरा."

लेकीच्या डोक्याला आधीच ताप कमी नव्हता. आईची मोटरसायकल विकायला काढल्यापासून हे तिसरं गिऱ्हाईक. पहिल्याला आईने आपण होऊन सांगितलं होतं की गाडी तेल पिते. दुसरा आला त्या दिवशी नेमकी किल्ली सापडेना. तो गेल्यावर ती आईच्या चष्म्याच्या डबीत निघाली. आजचा बेकरीवाला मात्र घ्यायचं ठरवूनच आला होता. पाव पोचवायला त्याला हेच मॉडेल हवं होतं, लांब सीटचं, ओझं वाहणारं. फक्त सोबत त्याने हा मेकॅनिक आणला होता, आणि याचा सख्ख्या बापावरही विश्वास नसावा.

"टाकीवर मॉडेलचं नाव आहे ना एवढं मोठं," लेक म्हणाली.

"ताई, नाव बाजारात मिळतं. दोन स्क्रू पिळले की झालं." तो खाली बसला आणि चिंधीने इंजिनावरचा चिखल पुसून बघू लागला. "इंजिन नंबर जुळतोय कागदाशी. इंजिन ह्याच मॉडेलचं. पण सांगाडा कुणाचा? उद्या सांगाडा चोरीचा निघाला तर ह्यांनी पाव तुरुंगात पोचवायचे का?"

बेकरीवाला गाडीपासून जरा मागे सरकला.

"चोरीचा?" लेकीचा आवाज चढला. "अहो, माझी आई नर्स होती! ह्याच गाडीवरून गावोगाव जाऊन बाळंतपणं केलीत तिने."

"केली असतील. नंबर दाखवा."

आई व्हरांड्यातल्या खुर्चीत एक पाय लांब करून बसली होती आणि साळसूदपणे आभाळाकडे बघत होती. गेल्या हिवाळ्यात याच गाडीवरून पडून तिने खुब्याचं हाड मोडून घेतलं होतं. जरा उभं राहता यायला लागलं तर परत किक मारताना सापडली. गाडी दारात राहिली तर एक दिवस आईला रस्त्यावरून गोळा करून आणावं लागेल, या धास्तीने लेकीची झोप उडाली होती.

मेकॅनिकने मानेवरून अंगठा फिरवला.

"हे बघा. गाडीला वर्षभर पाणी लागलेलं नाही. सायलेन्सर गंजलाय, चाकांत चिखल वाळलाय. आणि ही एवढी बोटभर जागा आरशासारखी लखलखीत. कानस मारलीय इथे. ताजी आहे."

लेकीने सावकाश मान वळवली. आईच्या उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी होती. भाजी चिरताना लागलं, असं काल सांगितलं होतं तिने.

"आई?"

"जरा गंज होता गं तिथे. म्हटलं, गिऱ्हाईक येणार, बरं दिसावं."

"अगं, आरटीओच्या दर तपासणीला हाच नंबर कागदावर घासून देत होतीस ना? स्वतःच्या हाताने!"

"असेल बाई. आता कुठे सगळं लक्षात राहतं."

तिच्या हातून जन्मलेल्या निम्म्या पोरांची वजनं या बाईला आजही तोंडपाठ होती. लेकीने कपाळावर हात मारून घेतला.

मेकॅनिकने पेन्सिल कानावर अडकवली. "चला शेठ. ही गाडी फुकट दिली तरी घेऊ नका. नावावरच होणार नाही कुणाच्या."

"म्हणजे कुणीच घेणार नाही?" आईने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं.

"भंगारवालासुद्धा दहा वेळा विचार करेल."

"अरेरे," आई म्हणाली. तिचा चेहरा इतका खुलला होता की लेकीला बघवेना. "बसा की, चहा टाकते."

ते चहाला थांबले नाहीत. फाटक लागल्याचा आवाज येईपर्यंत लेकीने कशीबशी कळ काढली.

"झालं समाधान? आता ही विकता येणार नाही आणि चालवताही येणार नाही. पहिल्याच पोलिसाने अडवलं तर चोर म्हणून आत बसशील. या वयात!"

"मला कुठे चालवायचीय? त्या दिवशी बघितलं ना मी. किकच बसत नाही आता."

"मग हा उपद्व्याप कशाला केलास?"

आई अंगठ्यावरची चिकटपट्टी नीट करत बसली. एखाद्या हट्टी पोरासारखी ती अशी वागली की लेकीचं टाळकं सरकायचं. तिने कोपऱ्यातली ताडपत्री फराफरा ओढत आणली आणि गाडीवर टाकली. निदान डोळ्यांसमोर तरी नको ही ब्याद.

"झाकू नकोस गं!" आई दुखऱ्या पायावर भार देऊन अर्धी उठली. "रस्त्यावरून दिसू दे. गाडी दिसली नाही की नर्सबाई घरात नाहीत असं समजतात, आणि माणसं फाटकावरूनच परत जातात."

लेकीने फाटकाकडे पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"आई, आता कोण..." ती म्हणायला गेली आणि थांबली.

"कटकट आहे नुसती," असं पुटपुटत तिने ताडपत्री गाडीवरून ओढून काढली, आणि तिची घडी घालू लागली.