ड्रमचाच ना?

"ड्रमचाच ना?" तिने वाकून ट्रेलरखाली विचारलं आणि कान टवकारले.

खालून काहीच आलं नाही.

तिने पुन्हा विचारलं. तरी नाही. मग तिच्या जिवात जीव आला. बाबा गेले ते घरी, अंथरुणात, शांतपणे. पण त्यांचं ते "हं" मात्र गॅरेजातच राहिलं होतं. आयुष्यभर ते ट्रेलरखाली उताणे पडून चाकं बघायचे, ती वरून "हाच पंप ना?" विचारायची, ते "हं" म्हणायचे. ते गेल्यावर पहिल्याच ट्रेलरपाशी तिने सवयीने विचारलं, तर खालून "हं" आलं. तिची पाचावर धारण बसली. तेव्हापासून ती कुठल्याही ट्रेलरखाली शिरली नव्हती. वरूनच विचारायची, "हं" ऐकायची आणि घाईघाईने ब्रेकचा पंप बसवायची. गॅरेज विकायचंही तिने ठरवून टाकलं होतं. सुटले एकदाची, असं आज तिला वाटलं, आणि लगेच लाजही वाटली.

"अगं, ड्रमच आहेत," मामा स्टुलावरून म्हणाला. "ट्रेलरच्या आधीच्या मालकाने शपथेवर सांगितलंय. उरक आता. बोट लादायचीय, नातवंडांना घेऊन तळ्यावर उतरायचंय. तो उतार माहितीय ना तुला?"

फळीवर दोन पंप होते, एक ड्रम ब्रेकचा, एक डिस्क ब्रेकचा. दिसायला जुळे भाऊ, बोल्टही त्याच भोकांत बसणारे. पण डिस्कला दाब जास्त लागतो. तिथे ड्रमचा पंप लावला, तर सपाट रस्त्यावर ट्रेलर शहाण्यासारखा थांबतो आणि उतारावर पुढच्या गाडीला ढकलत नेतो. तिने ड्रमचा उचलला. कितीतरी दिवसांनी गुणगुणत बोल्ट आवळायला घेतले.

मामाला गप्प बसवत नाही. "भाऊजी म्हणजे नुसते होयबा," तो हसत म्हणाला. "त्यांच्या तोंडून 'नाही' म्हणून कधी ऐकलं नाही. पटलं नाही की मुके व्हायचे. तुझी आई घाबरायची ती त्यांच्या गप्प बसण्यालाच."

तिचा पाना थांबला.

"काय झालं गं?"

ती जमिनीवर आडवी झाली आणि ट्रेलरखाली सरकली. अंधार, ग्रीसचा वास. तिने चाकाच्या आतल्या बाजूला बॅटरीचा उजेड पाडला. ड्रमचं बंद डबडं तिथे नव्हतंच. डिस्कची उघडी, चकचकीत थाळी होती.

"मामा, फळीवरचा दुसरा पंप काढ," ती कशीबशी म्हणाली. तळ्याचा उतार आणि गाडीतली पोरं तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. तिला रडू फुटत होतं.

मामा उठला. फळीपाशी खुडबुड झाली.

"डिस्कचाच ना?" त्याने तिथूनच विचारलं.

"हं."

"अगदी भाऊजींसारखी हुंकारतेस गं!"

तिने तर उत्तरासाठी अजून तोंडही उघडलं नव्हतं.