पुया

"स्पष्ट बोला. ती चावत नाही," माधवनकुट्टी माश म्हणाले.

बिय्यात्तुम्मानं डोक्यावरचं तट्टम सारखं केलं, वाचनालयातल्या नव्या यंत्रापुढे उभी राहिली आणि नव्या सुनेशी पहिल्यांदा बोलावं तशी बेतानं म्हणाली, "पुया."

यंत्रातली बाई क्षणभर विचारात पडली. मग गोड आवाजात तिनं विचारलं, "पुय्याप्ळ?" आणि स्क्रीनवर नवरदेवांची रांग लागली. लग्नातली गाणी, लग्नातले विनोद, जावयांच्या गोष्टी.

"नवरदेव नको गं बाई," बिय्यात्तुम्मानं तिला समजावलं. "एक आहे घरात."

पेपर वाचणारी दोन-तीन डोकी वर झाली आणि हसून पुन्हा खाली गेली. माश हसले नाहीत. वाचनालयाचे ते चिटणीस. हे यंत्र त्यांनीच हट्टानं आणवलं होतं. कार्डांचे जुने खण माळ्यावर गेले, कपाटांवर नवे आकडे चढले. आता कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर, ते एकट्या यंत्राला ठाऊक. ज्याला टाइप करता येत नाही त्यानं नुसतं तोंडानं मागावं आणि पुस्तक घेऊन जावं, असं उद्घाटनाच्या भाषणात माशच म्हणाले होते.

त्या भाषणाला एक अट होती, ती माशांनी मनातच ठेवली होती. तोंडानं मागावं, पण शुद्ध मागावं. माश म्हणजे मास्तर; उभी हयात शाळेत मल्याळम शिकवण्यात गेलेली. नदी म्हणजे पुळा. जीभ मागे वळवायची, टाळूला टेकू द्यायची नाही. या काठावर मात्र होडीवाल्यापासून वखारवाल्यापर्यंत सगळे पुया म्हणत, आणि माशांच्या खात्यात त्या सगळ्यांच्या नावे तेवढी चूक मांडलेली असे. बिय्यात्तुम्मा तर त्यांच्या साक्षरता वर्गातली. तिच्याकडची बाकी फार जुनी.

"पु-ळा," माश म्हणाले. "जीभ वळवा."

तिनं वळवली. "पुया."

यंत्रानं आणखी नवरदेव काढले.

शेवटी माशांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं. मीच बोलतो, पुस्तक मिळाल्याशी कारण. पण ती जागची हलली नाही.

"आज तुम्ही बोलाल, माश. ते येतील तेव्हा कोण बोलणार?"

ते म्हणजे तिचा नवरा, अलवीक्का. जाड भिंगांचा होडीवाला. संध्याकाळी होडी बांधली की वाचनालयात यायचा आणि नदीवरचं ते एकच पुस्तक पुन्हा पुन्हा घरी नेऊन बायकोला वाचून दाखवायचा. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याची वाचा गेल्याचं माशांच्या कानावर आलं होतं.

"सगळी नाही गेली," बिय्यात्तुम्मा म्हणाली. "एक शब्द परत आलाय. पाणी हवं तरी तोच, कुशीवर वळवायचं तरी तोच. माझ्यावर रागावले तरी तोच."

"कुठला?"

तिनं हनुवटीनं यंत्राकडे दाखवलं. "तुमच्या हिला कळत नाही तो."

डॉक्टरांनी ओळखीचं काही वाचून दाखवायला सांगितलं होतं. तर आता ती वाचणार होती, अक्षराला अक्षर जोडत का होईना. पाय चालायला लागले की ते आधी इथंच येतील, याबद्दल तिला शंका नव्हती. आले, बोलले, आणि या बाईनं त्यांच्यापुढे नवरदेव मांडले, तर पुन्हा पायरी चढायचे नाहीत. माणूस मानी.

माशांनी तरी एकदा सुचवून पाहिलं, की तोवर घरी त्यांना पुळा म्हणायची सवय लावावी.

"मी पुळा म्हणायला लागले तर त्यांना वाटेल, घरात दुसरीच कोणी बाई आली."

माशांनी खुर्ची ओढली. मग यंत्रापुढे बसले आणि टाइप करून पुस्तक शोधलं. प्रत्येक पुस्तकाच्या नावाखाली एक चौकट असते. लोक ते आणखी काय म्हणून मागतात ते लिहायला. माशांनी एकाही पुस्तकाखाली ती भरलेली नव्हती. एका बोटानं त्यांनी 'पु' लिहिलं. बराच वेळ बोट तसंच अधांतरी राहिलं. मग 'या'.

पुस्तक खिडकीजवळच्या खालच्या फळीवर निघालं. बिय्यात्तुम्मानं ते तट्टमच्या टोकानं पुसलं, काखेत धरलं, आणि तिथंच उभी राहिली.

"चालतं का बघा तरी."

माशांनी मागे पाहिलं. पेपरवाले वाचत होते, निदान तसं दाखवत होते. ते माइकपाशी वाकले. जीभ सवयीनं मागे वळायला निघाली होती. तिला त्यांनी धरून ठेवलं.

"पुया," ते हळूच म्हणाले.

स्क्रीनवर नदी आली.

"हां," बिय्यात्तुम्मा म्हणाली. "आता नीट बोललात, माश."