एकाच वेळेत

"मावशी, आज शेवटचं हं," रुबिना आनंदानं म्हणाली. "हे नवं मशीन झोपलेली मुळंसुद्धा जागी करतं. दहा मिनिटांत हनुवटी कायमची साफ!"

क्लिनिकच्या खुर्चीत शैलजा खानोलकर ताठ झाल्या. त्यांना आठ वेळा यायला सांगितलं होतं. केसांची मुळं आळीपाळीनं झोपतात आणि जुना लेझर फक्त वाढत्या केसाचं मूळ जाळायचा, म्हणून दर सहा आठवड्यांनी यायचं. आज तर तिसरीच वेळ होती. हनुवटीवरच्या दाढीपायी त्यांनी चाळीस वर्षं लग्नकार्यं टाळली, फोटो टाळले. त्या चेहऱ्याला बिनदिक्कत हात लावणारी रुबिनाच पहिली. जेल लावता लावता ती आपल्या लेकीच्या शाळेतल्या गमती सांगायची.

"जुन्या मशीननं नाही का होणार?"

"ते कालच नेलं, मावशी."

दहा मिनिटं संपली. रुबिनानं हनुवटी पुसून भिंग धरलं.

"एक पांढरा राहिलाय. लेझर काळा रंगच पकडतो, पांढऱ्याला त्याचं काही होत नाही. आत्ता फार बारीक आहे. वाढला की घरीच चिमट्यानं उपटा."

शैलजाबाई अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायच्या.

"मला जवळचं दिसत नाही गं," त्या म्हणाल्या. "तूच काढशील?"

रुबिनानं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं.

"तो पुन्हा पुन्हा उगवणार, मावशी. दर महिन्याला यावं लागेल."

"येईन की," शैलजाबाई पटकन म्हणाल्या.