अंगठा

डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनवर केतनच्या नाकातला पडदा दाखवला. "इतका वाकडा आहे, की आतल्या आत सरळ होणार नाही. अख्खा बाहेर काढायचा, टेबलावर सरळ करायचा आणि टाके घालून परत बसवायचा. लहानपणी नाकाला मार लागला होता का?"

"छे! आजीने मला फुलासारखं वाढवलंय," माझा नातू म्हणाला.

ऑपरेशनचे अडीच तास मी पॅसेजमध्ये येरझारा घातल्या. आताच्या इंद्रलोक वसाहतीच्या जागी मिठागरं होती तेव्हाची आमची न्हाणी डोळ्यांपुढून हलेना. माझ्या पसरलेल्या पायांवर तान्हा केतन आणि वाटीत कोमट खोबरेल. नाक बसकं म्हणून मी ते रोज अंगठ्याने दाबून ओढायचे. तो कळवळायचा. "आई, हळू हो," सून म्हणायची. "रडू दे गं, मोठेपणी चाफेकळी होईल बघ," असं मी तिलाच ऐकवायचे. तो पडदा माझ्याच अंगठ्याने तर वाकला नसेल?

पंधरवड्याने केतनच्या नाकातल्या पट्ट्या निघाल्या. त्या सकाळी नातसुनेने, विनिताने, महिन्याची लेक माझ्या पायांवर ठेवली. मी पाय चोळले, पोट चोळलं, आणि नाकाला हात न लावताच "झालं" म्हणाले. आता सगळं सांगून टाकावं, म्हणून तोंड उघडलं.



"अहो आजी, नाक राहिलं की! चांगलं जोर लावून ओढा, नाहीतर हिचंही बापासारखं ऑपरेशन करावं लागेल."